डोमेन नाव मोकळे आहे का हे कुठे पाहावे आणि रजिस्ट्रार कसा निवडावा?

टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी आणि टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आजवर सगळा माल व्यापाऱ्यांमार्फत जात असे. आता थेट गिऱ्हाइकांची मागणी घेण्यासाठी संकेतस्थळ करायचे ठरले आहे. डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे नाव, मनात पक्के आहे, परंतु ते शोधून पाहण्याचीच धास्ती वाटते, कारण आपण शोधलेले नाव दुसराच कोणी नोंदवून टाकतो आणि चढ्या भावाने विकतो, असे अनेकांकडून ऐकले आहे. शिवाय संकेतस्थळ करून देणारे गृहस्थ डोमेन फुकट देऊ म्हणत आहेत. ते घ्यावे का, आणि न घेतल्यास विश्वासाचा रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, कसा ओळखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुळे सोलापूरकर

आपली धास्ती निराधार नाही, मात्र तिचे मूळ जुन्या काळात आहे. नोंदणीनंतर 5 दिवसांच्या आत नाव रद्द केल्यास रजिस्ट्रारला शुल्क परत मिळत असे आणि या सवलतीच्या आधारे असंख्य नावे फुकटात अडवून ठेवली जात. ग्राहकाने नुसते शोधलेले नावही नेटवर्क सोल्युशन्स ही अमेरिकेतील जुनी कंपनी काही दिवस स्वतःकडे राखून ठेवते, हे जानेवारी 2008 मध्ये उघड झाले; ग्राहकांच्या संरक्षणासाठीच आपण असे करतो, असे कंपनीचे म्हणणे होते, तरी त्यावर मोठा गदारोळ उठला. पुढे डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा परताव्यांवर मर्यादा घातल्या आणि हा उद्योग परवडेनासा झाला.

तरीही अनोळखी संकेतस्थळावर, विशेषतः जाहिरातीतून उघडलेल्या पानावर, नाव शोधू नये. डॉट कॉमसाठी आयकॅनचे स्वतःचे शोधपान आहे आणि डॉट इनसाठी निक्सीच्या, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या, रजिस्ट्रीचे, म्हणजे त्या नावांच्या मूळ नोंदवहीचे, शोधपान आहे. नावाची नोंद पाहण्याच्या ज्या पद्धतीला पूर्वी ‘हू इज’ म्हणत, तिची जागा डॉट कॉमसारख्या नावांसाठी जानेवारी 2025 पासून आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. नाव नोंदलेले असेल तर तिथे रजिस्ट्रार, नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि सद्यस्थिती दिसते. मालकाचा तपशील मात्र बहुधा झाकलेला असतो.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकून काही उघडले नाही, यावरून नाव मोकळे आहे असे समजू नये. संकेतस्थळ न बांधताही नाव घेतलेले असू शकते. तसेच डॉट कॉमची मुदत उलटली तरी नाव लगेच सुटत नाही. रजिस्ट्रार ते 45 दिवसांपर्यंत ठेवू शकतो, रद्द केल्यावर जुन्या मालकाला सोडवून घेण्यासाठी 30 दिवस मिळतात आणि त्यानंतर आणखी 5 दिवसांनी ते खुले होते. माझा आग्रह एवढाच, की रजिस्ट्रार आधी ठरवावा, खाते उघडून ठेवावे, आणि नाव मोकळे दिसताच त्याच बैठकीत नोंदवावे.

नवी पेठ

फुकटचे डोमेन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुताचा व्यापार करणाऱ्या माझ्या एका परिचितांचे डोमेन संकेतस्थळ करणाऱ्याने स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर नोंदवले होते. पुढे पैशांवरून दोघांचे बिनसले, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडेच जात राहिल्या आणि नाव हातचे गेले. बिलबुकांपासून खोक्यांपर्यंत सगळीकडे तोच पत्ता छापलेला होता. अशा वेळी डॉट इनसाठी आयएनडीआरपी ही लवादाची वाट आहे, पण तिथे आपल्या हक्काच्या नावाशी साम्य, समोरच्याला हक्क नसणे आणि त्याचा वाईट हेतू या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि खर्च होतो तो वेगळाच. म्हणून नोंदणी कारखान्याच्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्याच खात्यातून करावी. संकेतस्थळ बांधणाऱ्याला फक्त आवश्यक तेवढीच जोडणी करून द्यावी.

रजिस्ट्रार आयकॅनच्या अधिकृत यादीत आहे का, डॉट इन हवे असल्यास निक्सीच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर आणि दुसरीकडे नाव नेण्यासाठी लागणारा ऑथ कोड खात्यातूनच मिळतो का, हे विचारावे. नव्याने नोंदवलेले डॉट कॉम साधारणपणे पहिले 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. खात्याला दुहेरी पडताळणी आणि नावाला ट्रान्सफर लॉक, म्हणजे ते परस्पर दुसरीकडे नेले जाऊ नये यासाठीचे कुलूप, लावता येत नसेल, तर असा रजिस्ट्रार कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

पूर्व भाग

एक वेगळी सूचना. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते या भागातील सर्व उत्पादकांचे आहे. केवळ तेवढेच शब्द घेण्याऐवजी त्यांत आपल्या छापाचे नाव असू द्यावे, आणि ते कोणाचे ट्रेडमार्क नाही ना, हे सरकारच्या ट्रेडमार्क शोधपानावर आधी तपासावे.

टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फुकटच्या डोमेनला नकार कळवला आहे. देवनागरीतील डॉट भारत नावही घ्यावे का?

जुळे सोलापूरकर

जोडीला अवश्य घ्यावे. मराठी गिऱ्हाइकाला ते पाहताच वाचता येते. परंतु देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अजून सगळीकडे नीट चालत नाही, म्हणून मुख्य पत्ता आणि ईमेल डॉट इन किंवा डॉट कॉमवर ठेवून डॉट भारत तिकडे वळवावे. मुदतीची तारीख कारखान्याच्या हिशेबवहीत लिहून ठेवावी आणि स्वयंचलित नूतनीकरणासाठी दिलेले कार्ड बदलले की खात्यातही लगेच बदलावे.