क्वेकरांच्या मौनसभेत चित्रं, माती, गाणी: हवीत की नकोत?

मुकामार
विषय आडवाटेचा आहे, पण इथे वाद घालणारे भेटतील. क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ. ब्रिटनमधल्या क्वेकर सभेत पाद्री नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. तासभर सगळे गप्प बसतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून चार वाक्यं बोलतो, की पुन्हा शांतता. आता काही मंडळी या उपासनेला जोडून रंग, माती, कोलाज घेऊन बसतात. माझं मत: सभेच्या तासाला हे नको. हातात ब्रश आला की डोक्यात 'कसं दिसतंय' शिरतंच. मौनातून घरी न्यायला काही तयार होत नाही, हीच तर त्याची खुमारी.

१७व्या शतकातला सॉलोमन एकल्स मुळात संगीतकार. क्वेकर झाल्यावर संगीत पाप वाटू लागलं, म्हणून त्याने वाद्यं विकली. मग वाटलं, घेणाराही त्याच पापात पडणार. म्हणून ती परत विकत घेतली आणि लंडनच्या टॉवर हिलवर जाळली. एवढं टोक मला झेपणार नाही, पण त्याची शंका खोटी नव्हती.

रंगारी
साफ असहमत. बोलायला उठणाऱ्याच्या डोक्यात 'कसं वाटतंय' शिरत नाही? शब्द चालतात आणि रेघ चालत नाही, हा कुठला न्याय?

एडवर्ड हिक्स घ्या. पेनसिल्व्हेनियातला क्वेकर उपदेशक, पोटासाठी बग्ग्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. असली नटवी कामं समाजातल्या लोकांना खटकली, म्हणून शेती करून पाहिली, तीत हात पोळले, पुन्हा ब्रश धरला. मग बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातलं एकच दृश्य, लांडगा आणि कोकरू शेजारी, सिंह बैलासारखा गवत खातोय, त्याने साठेक वेळा रंगवलं. १८२७ मध्ये अमेरिकी क्वेकरांत फूट पडली. एका बाजूचं नावच त्याच्या नातलगावरून, इलायस हिक्सवरून पडलं. त्यानंतरच्या चित्रांतल्या सिंहाचा चेहरा बघा, मला तरी तो थकलेला दिसतो. तेच दृश्य साठ वेळा काढणारा माणूस 'छान दिसतंय ना' एवढ्यासाठी काढत नसतो.

मुकामार
पण सभेत बसून नाही काढली! आणि चित्रकलेपायी स्वतःला दोष देणं त्याने आठवणींतही सोडलेलं नाही. तुमचा साक्षीदार माझ्याच बाजूने बोलतोय.

टाचणी
इंग्लंडमधल्या केंडलच्या क्वेकर सभागृहातले भरतकामाचे पट विसरलात. १९८१ मध्ये अ‍ॅन विन-विल्सन यांनी सुरुवात केली, १९९६ मध्ये ७७ पट पूर्ण झाले. १५ देशांतले चार हजारांवर हात लागले. कुठला टाका कुणाचा, बघणाऱ्याला कळत नाही. 'मी केलं'चा अहंकार इथे कुठे बसवणार?

माळकरी
गाण्याने देव दुरावतो हे आमच्या दिंडीत कुणाला पटवून दाखवा :)

नकाशा
थांबा जरा. जगात सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. त्यांच्या उपासनेत पाद्री असतो, प्रवचन असतं आणि भरपूर गाणं असतं. ते काय कमी क्वेकर? हा सगळा वाद मौनवाल्या शाखेपुरता आहे, तेवढं स्पष्ट तरी लिहा.

विटकरी
मुकामार, अमेरिकेत ह्यूस्टनच्या लाइव्ह ओक या क्वेकर सभागृहाचं काय करता? जेम्स टरेल हा क्वेकर घरातला कलाकार. त्याने तिथे छतालाच चौकोन ठेवलाय, झाकण सरकवलं की लोक वर आकाश बघत मौनात बसतात. आणि आपल्या देशातले वास्तुविशारद लॉरी बेकर, तेही क्वेकर. मुंबईत गांधीजींची भेट झाली आणि पुढे आयुष्य इथेच गेलं. गिलावा नाही, उघड्या विटांची जाळी, जुन्या घरांची दारं-खिडक्या परत वापरलेल्या. साधेपणाचं व्रत पाळूनच केरळात इतकी देखणी घरं उभी राहिली. कला उपासनेबाहेर ठेवायची म्हणजे भिंतीही बाहेर ठेवणार का?

मुकामार
टरेलचं छत चालेल. तिथे बसणाऱ्याच्या हाताला काम नाही, माझा आक्षेप तेवढाच आहे. बेकरांच्या भिंतीही सभा सुरू होण्याआधी बांधून झालेल्या असतात. नकाशा, मुद्दा मान्य. माझं म्हणणं मौनसभेपुरतंच. भरतकामवाल्यांनी खुशाल गट करावा, फक्त तास वेगळा ठेवावा.

रंगारी
मग मौनसभेत सुया घेऊन स्वेटर विणत बसणाऱ्या आज्ज्यांनाही उठवा. त्यावरही क्वेकरांत वाद होतातच.

मुकामार
विणकामासाठी वेगळा धागा काढा. इथे नको.