पैसा सरकारचा, नियम गावाचे
गावविकासाच्या चर्चेत "निधी आला की गाव सुधारतं" असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला सरकारच्या आदर्श गाव योजनेचा पैसा मिळालाच की, पण शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस लावायचा नाही हे ग्रामसभेने ठरवलं आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते बघतात, हे काही जीआर काढून होत नसतं. उलट गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाचं बघा, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं! सरकारने भागीदारी म्हणायची आणि सही स्वतःकडे ठेवायची, मग गावकरी फक्त श्रमदानाला. बाकी सगळ्या जिल्ह्यांना एकच साचा नको असंही म्हणतात, ते मात्र मान्य.