मदत हवी आहे: कॅल्शियमचा कंट्रोल नव्या लॉटपासून वरच्या बाजूला बसलाय

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बायोकेमिस्ट्रीत काम करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आर्सेनाझो कॅल्शियमचा (रक्तातलं कॅल्शियम मोजायचं रसायन) नवा लॉट लावल्यापासून दोन्ही कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का हे पाहायचे, किंमत ठाऊक असलेले नमुने) वर गेलेत. लेव्हल १ चा आमचा मीन (सरासरी) ८.६ मिग्रॅ/डेसिलिटर, एसडी (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) ०.२. आता रोज ८.८, ८.९ येतंय. लेव्हल २ सुद्धा तसाच. २ एसडीच्या बाहेर एकही ठिपका नाही, पण लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांचा आलेख) सगळे मीनच्या वर, ओळीने. वेस्टगार्डचा १०एक्स नियम (सलग दहा ठिपके मीनच्या एकाच बाजूला नकोत) सरळ मोडतोय. दोन्ही लेव्हल एकाच दिशेला, म्हणजे ही सिस्टिमॅटिक एररच (सगळे आकडे एकाच बाजूला सरकवणारी चूक).

कंट्रोलची नवी बाटली फोडली, बरोबर ५ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून न हलवता अर्धा तास ठेवली, मग हलक्या हाताने फिरवली. काचेची भांडी टाळून प्लास्टिकच्या ट्यूब वापरल्या, कॅलिब्रेशन पुन्हा केलं. फरक शून्य.

सर म्हणतात, इन्सर्टच्या (कंट्रोलसोबत येणारं कंपनीचं माहितीपत्रक) रेंजमध्ये आहे, रिपोर्ट सोडा. पण ती रेंज ७.६ ते ९.६ आहे हो! एवढ्या रुंद दारातून काहीही आत येईल. ज्या पेशंटचं खरं कॅल्शियम १०.४ आहे त्याला आपण १०.६ देणार, आमच्या १०.५ च्या मर्यादेपुढे ते ठळक छापलं जाणार आणि त्या माणसाला पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी) करायला धाडणार. हे मला पटत नाही.

जुन्या लॉटची एक बाटली फ्रिजमध्ये शिल्लक आहे. तेच पेशंट सॅम्पल दोन्ही लॉटवर लावायचा विचार आहे. पेशंट जुळले आणि फक्त कंट्रोल सरकला, तर तो मॅट्रिक्सचा परिणाम (कंट्रोलचा द्रव खऱ्या सीरमसारखा नसल्याने पडणारा फरक) धरून नवा मीन काढता येईल. पेशंटही सरकले तर मीनला हात लावायचा नाही, कंपनीच्या इंजिनिअरला बोलवायचं. इथवर बरोबर आहे ना?

अडतंय ते पुढे. किती सॅम्पल पुरतील? आमच्याकडे बहुतेक नॉर्मलच येतात, ११ च्या वरचं क्वचित. असे सीरम फ्रिजमध्ये साठवून नंतर लावले तर चालतील का? आणि किती फरक मान्य करायचा? अमेरिकेच्या क्लिआची (लॅबसाठीचे तिथले सरकारी नियम) १ मिग्रॅची सूट इथे फार सैल वाटते. वेल्लोरच्या सीएमसीच्या ईक्यूएएसमध्ये (बाहेरून नमुने पाठवून लॅबची अचूकता तपासणारी योजना) आम्ही आहोत, पण तो निकाल हाती येईपर्यंत रिपोर्ट जातच राहणार.

ज्यांनी लॉट बदलताना हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा. सरांपुढे कागद ठेवायचा आहे.