गँबिटला मराठीत ‘बळी’ म्हणावं की ‘टांग’?

गेल्या रविवारी सोलापुरात एका शालेय बुद्धिबळ स्पर्धेला भाचीला घेऊन गेलो होतो. पहिल्याच फेरीत समोरच्या मुलाने डी४, हिने डी५, मग त्याने सी४ असा डाव मांडला. हा क्वीन्स गँबिट. गँबिट म्हणजे सुरुवातीलाच एक प्यादं मुद्दाम समोरच्याच्या तोंडी द्यायचं. हिने सी४चं प्यादं मारलं आणि मग ते राखायच्या मागे लागली. ई३ला बी५, ए४ला सी६, बी५वर प्याद्यांची मारामारी झाली आणि सहाव्या चालीला पांढरा वजीर एफ३वर आला. ए८चा हत्ती उघडा! तो वाचवायला मध्ये घोडा घातला, तर घोडा गेला. बाहेर येऊन रडवेली होऊन विचारते, “मामा, फुकटचं प्यादं घेतलं, तर चुकलं काय?”

तिला उत्तर देताना मी शब्दापाशीच अडलो. आपण सर्रास ‘प्याद्याचा बळी’ म्हणतो. पण बळी गेला तो गेलाच. इथे काळ्याने हट्ट केला नाही, तर पांढऱ्याचा उंट सी४वरचं प्यादं मारून हिशेब चुकता करतो. मग बळी कसला?

गँबिटचं मूळ इटालियन ‘गँबेत्तो’, म्हणजे पाय घालून पाडणं. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१च्या पुस्तकात तो शब्द बुद्धिबळात आणला. आपल्याकडे याला कुस्तीतला शब्द तयारच आहे: टांग. सोलापुरात तर पत्तासुद्धा तालमीच्या नावावरून सांगतात. आतली टांग पाहिलेल्याला फोड करून सांगावी लागत नाही. समोरच्याचा भार ज्या पायावर आला, तोच पाय आतून उचलायचा. भाचीचा सगळा भार त्या एका प्याद्यावर आला होता.

म्हणून क्वीन्स गँबिटला मी ‘वजिराकडची टांग’ म्हणेन. ‘वजिराची’ नको, सुरुवातीला वजीर जागचा हलतही नाही. आणि ‘राणी’ तर नकोच, पटावर आपला वजीर आहे.

यावर तिथल्याच एका काकांची हरकत रास्त होती: “टांग मारली म्हणजे कबूल करून आला नाही, असं पोरं म्हणतात.” खरंय. पण ती टांग ‘मारतात’. कुस्तीतली ‘लावतात’. क्रियापद सांभाळलं की घोटाळा होत नाही.

तिसऱ्या फेरीत पुन्हा सी४ आलं. या वेळी हिने ते प्यादं न मारता ई६ केलं. बरोबरीत सुटून आली आणि म्हणाली, “मामा, त्याने टांग लावली होती, मी पाय दिलाच नाही.”