अनुभव धागा: सोशल मीडियाला रामराम करताना

गणपती विसर्जनाच्या रात्री मी फेसबुकचं खातं कायमचं काढून टाकलं. निदान मला तसं वाटलं. खातं लगेच जात नाही. ३० दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात पुन्हा आत शिरलं की विनंती रद्द करायची सोय समोरच असते. एकोणिसाव्या दिवशी मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाचे फोटो आल्याचं कळलं आणि मी शिरले. दुसऱ्या खेपेला आधी माझे जुने फोटो आणि लिखाण उतरवून घेतलं (सेटिंग्जमध्ये ही सोय आहे, जरूर वापरा) आणि बहिणीला फोन केला, "फोटो घरी येऊन दाखव गं." आली. तीन तास बसली.

तुम्ही सोडलंत का? कशामुळे? काय गमावलं तेही लिहा. नुसते फायदे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

*

सातवीतली लेक शाळेतलं काहीतरी सांगत होती, मी रील बघत "हं, हं" करत होते. ती थांबली. "आई, मी आत्ता काय म्हणाले, सांग." सांगता आलं नाही. ती दप्तर उचलून आत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री इन्स्टाग्राम काढलं. पहिला आठवडा कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही हात ओट्यावर फोन चाचपायचा. खाली सरकवत राहिलं तरी पान संपतच नाही, ही युक्ती २००६ साली एझा रास्किन नावाच्या डिझायनरनं काढली आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला, हे नंतर वाचलं. पुस्तकाचं प्रकरण तरी संपतं. लेक मात्र लगेच बोलायला लागली नाही. दिवाळी उजाडली.

*

मी धुळे जिल्ह्यातला. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं. तसलाच एक मेसेज आधी माझ्याकडे आला होता आणि मी तो भावकीच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता, वर 'काळजी घ्या' असं लिहून. राईनपाड्याशी त्याचा संबंध नसेलही. पण खरं-खोटं मी कुणाला विचारलं होतं? त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. मी त्याआधीच सगळे ग्रुप सोडले. भावकी म्हणते भाव खातो. म्हणू दे.

*

मला सोडता येणार नाही. फराळाच्या निम्म्या ऑर्डरी इन्स्टावरूनच येतात.

*

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. ते वाचून आम्ही घरात तेच सुरू केलं. भोंग्याऐवजी देवघरातली घंटा. सासरे वाजवतात, एक मिनिट उशीर नाही.

*

न्यू जर्सीत अठरा वर्षं झाली. फेसबुक सोडलं, आणि गावाशी जोडणारं तेवढंच उरलं होतं हे तेव्हा लक्षात आलं नाही. ज्याच्या सायकलवर डबलसीट बसून रोज शाळेत गेलो, तो मित्र मार्चमध्ये गेला. मला जुलैत कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी गावी फोन केला म्हणून. मी पोस्ट पाहिली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

तरी परत गेलो नाही. आता वहीत अठ्ठावीस नंबर आहेत. रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, चौघांना तरी फोन लावतोच. पहिला त्याच्या बायकोला लावला होता. "वहिनी, मला कळलंच नव्हतं हो," एवढंच बोलता आलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भावोजी, आम्हाला वाटलं, कळूनही तुम्ही फोन केला नाहीत."