"मजेत आहेस ना?" "हो गं, मजेत": परदेशी शिकताना आलेलं नैराश्य (अनुभव धागा)

परदेशात शिकताना नैराश्यातून गेलेल्यांनी, आणि ज्यांची मुलं त्यातून गेली त्या आईवडिलांनीही इथे लिहावं. नाव नको, विद्यापीठ नको. काय झालं, घरी काय सांगितलं आणि मदत कुठून मिळाली, एवढं पुरे. सुरुवात मीच करते.

ग्लासगो (स्कॉटलंड), २०१९. डिसेंबरात तिथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. लॅबमधून बाहेर पडेपर्यंत काळोख. आधी झोप उडाली, मग उलटंच झालं, चौदा-चौदा तास अंथरुणात. कुकर लावायचंही जिवावर यायचं. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असे. त्याआधी मी केस विंचरायचे, दिवा लावायचे आणि पलंगावरचा कपड्यांचा ढीग दिसू नये म्हणून भिंतीला पाठ लावून बसायचे. बाबांनी राहतं घर तारण ठेवलं होतं. त्या पैशांवर शिकताना रडायचं कुठल्या तोंडाने?

तीन दिवस मी स्वयंपाकघरात दिसले नाही म्हणून शेजारच्या खोलीतल्या नायजेरियन मुलीने दार ठोठावलं. तीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली. व्हिसाच्या वेळी आपण आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे तपासणीचे वेगळे पैसे पडत नाहीत. स्कॉटलंडमध्ये तर चिठ्ठीवरची औषधंही मोफत. हे मला चार महिने ठाऊक नव्हतं.

टेक्सास, एमएस
ताई, माझी भीती व्हिसाची होती. एफ-१ वर, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर, विषय सोडला की गाशा गुंडाळायचा, असं सीनियर सांगायचे. प्रत्यक्षात डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाचं पत्र असेल तर आजारपणासाठी कमी क्रेडिट (म्हणजे कमी विषय) घेता येतात, एका पदवीत एकूण १२ महिन्यांपर्यंत. नैराश्य हा आजारच आहे. पण आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी, मगच विषय सोडायचा. मी आधी सोडला आणि स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क, गेलं. ते परत मिळवताना जे हाल झाले ते कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. कृपा करून क्रम चुकवू नका.

जर्मनी
मी गोळ्या घेतो. अजूनही. घरी माहीत नाही. एवढं लिहायला तीनदा खोडलं.

सांगली, एक आई
मुलगा कॅनडात होता. जेवलास का विचारलं की हो म्हणायचा. दिवाळीला पाठवलेला फराळाचा डबा संक्रांतीपर्यंत उघडला नव्हता, हे त्याच्या रूममेटकडून कळलं. मग मी विचारलं, "काल किती वाजता झोपलास रे?" तो बराच वेळ बोललाच नाही. ह्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, "कर्जाचं मी बघतो, तू ये." तेव्हा पोरगा हमसून हमसून रडला. एक सत्र सोडून आलाय. सकाळी ह्यांच्याबरोबर गणपती मंदिरापर्यंत चालत जातो. चकली मागून खातो. पुढचं अजून ठरलेलं नाही.

पुन्हा मी
काकू, वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले.

जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता फोन करा: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, भारतात टेलि-मानस १४४१६, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आणि जर्मनीवाल्या, चौथ्यांदा खोडलं नाहीस ते फार बरं केलंस. गोळ्या मीही सव्वा वर्ष घेतल्या. आईला मी दुसऱ्या वर्षी सांगितलं. तुला घरी सांगायचं असेल तर आधी मला लिही, काय बोलायचं ते दोघं मिळून ठरवू.