अनुभव धागा: पाणी आधी मोरीतून येतं

बाळकुमची_सून:
काल दुपारी वॉशिंग मशीनचा मागचा पाइप निसटला. मी खाली भाजी घ्यायला गेले होते. परत आले तर हॉलभर दोन बोटं पाणी, आणि लेकीची चित्रकलेची वही त्यात तरंगतेय. आमचं घर ठाण्यात चौदाव्या मजल्यावर आहे. इथे कुठली नदी येणार! तरी मी पाण्यात पाऊलच टाकलं नाही. मेन स्विच दाराबाहेर आहे, तो आधी पाडला. मग खालच्या फ्लॅटमधल्या काकांना फोन केला, गॅस बंद केला आणि मग फडकं हातात घेतलं. नवरा संध्याकाळी म्हणाला, मशीनच्या पाण्याला एवढं सगळं कशाला? त्याला सांगायला बसले आणि रडूच आलं.

26 जुलै 2005. मंगळवार होता. आम्ही तेव्हा बदलापूरला तळमजल्यावर राहायचो, उल्हास नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी नववीत. बाबा ठाण्याला कामावर. घरी आई, मी, धाकटा भाऊ आणि अंथरुणाला खिळलेली आजी. आम्ही सगळे खिडकीतून रस्त्याकडे बघत होतो की पाणी कुठवर आलंय. रस्ता अजून दिसत होता. आणि मागे मोरीत गुडगुड गुडगुड असा आवाज. जाऊन बघते तर जाळीतून काळं पाणी वर येतंय, त्याच्यासोबत झुरळं. दाराच्या उंबऱ्याला पाणी लागायच्या आधी स्वयंपाकघरात घोट्याएवढं झालं होतं.

पुढचं तुकड्यातुकड्यात आठवतं. वरच्या मजल्यावरचे काका आणि त्यांच्या मुलाने आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. आजी सारखी म्हणत होती, माझी जपाची माळ. फ्रीज आडवा होऊन तरंगायला लागला. मला वाटायचं एवढी जड वस्तू बुडणार. सिलिंडरसुद्धा तरंगला आणि ओट्याला आपटत राहिला, टण्ण टण्ण. रात्रभर वरून तो आवाज ऐकला. आईने रेग्युलेटर काढून ठेवला होता म्हणून निभावलं.

बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, ठाण्याहून रुळांवरून चालत. तीस-पस्तीस किलोमीटर. पायांना फोड. काही बोलले नाहीत, भिंतीवर पाण्याची जिथे खूण होती तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली.

तुमच्याकडे काय काय झालंय, लिहा ना. पुराचंच पाहिजे असं नाही. घरातलं छोटंमोठं काहीही चालेल.

खाडीकाठ:
मोरी! शंभर टक्के. कळव्याला आमच्याकडे दर पावसाळ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोणीत रेती भरून तयार असते. एक मोरीच्या जाळीवर, एक संडासाच्या भांड्यावर. गोणीखाली जुन्या साडीचा बोळा दाबायचा. पाणी थांबत नाही पण हळू येतं, सामान वर चढवायला अर्धा तास मिळतो.

दोन_पोरांची_आई:
वाचून काटा आला. माझंही आहे कळव्याचंच, लिहिते. दूध ठेवलंय गॅसवर.

वायरमन_ऐरोली:
ताई, तुम्ही मेन पाडलात ते अगदी बरोबर. माझं कामच हे आहे म्हणून थोडं सांगतो. पाणी अजून बाहेर आहे आणि तुम्ही कोरड्यात उभे आहात, तेव्हाच मेन पाडायचा. पाय पाण्यात असतील तर बोर्डाला हात लावायचा नाही. सोसायटीच्या मीटर रूममधून किंवा वीज कंपनीला फोन करून लाईन बंद करून घ्यायची. पूर ओसरल्यावर लोक घाई करतात. फ्रीज बाहेरून पुसला, लावला प्लग. आत मोटर ओली, टर्मिनलमध्ये चिखल. आठ-आठ दिवस सुकवा, माणूस बोलावून तपासा, मगच लावा. आणि घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) नसेल तर या महिन्याचा दुसरा काही खर्च पुढे ढकला आणि तो बसवा. करंट जमिनीकडे गळायला लागला की तो क्षणात पडतो. मी माझ्या सख्ख्या चुलतभावाला कूलरच्या शॉकने गमावलंय. ओली फरशी, अनवाणी पाय. पूर नव्हता काही, एप्रिल महिना होता.

बाळकुमची_सून:
दादा, फार वाईट वाटलं. आमच्याकडे आहे का ते आजच बघते.

खारघरवाली:
पुराचं नाही, कुकरचं चालेल का? तुरीची डाळ लावली होती, शिट्टी होईना. डाळीचं साल वाफेच्या नळीत अडकलेलं. मी हॉलमध्ये, लेक ओट्याशी डबा भरत होती. तिला फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली आणि धाड! झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह उडाला, वरणाचं कारंजं छताला. पंख्याची पाती पिवळी. ती तिथे असती तर चेहऱ्यावर आलं असतं. त्या दिवसापासून शिट्टी लावायच्या आधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघते. दिसलं तरच कुकर लावायचा. लेक आता पुण्याला असते, रोज फोनवर विचारते, आई बघितलंस ना?

नेरूळ_सेक्टर:
आणि रबर दरवर्षी बदला, वॉल्व्हसुद्धा. त्याच कंपनीचा घ्या, गाडीवर मिळतो तो नको.

खारघरवाली:
हो, गुढीपाडव्याला बदलते, म्हणजे विसरायला होत नाही.

नेरूळ_सेक्टर:
हे आवडलं. मीही पाडवाच धरतो.

गाढीकाठ:
आम्ही पनवेलचे, गाढी नदीजवळ. माथेरानच्या डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असलं तरी नदी फुगते. बाहेरून आलेल्यांना हे पटत नाही. मागे एकदा रात्री पार्किंगमध्ये पाणी आलं. सकाळी बाबांनी बूट घालायला उचलला तर आत साप. आईने किंचाळून बिल्डिंग जागी केली. शेजारच्यांनी काठ्या आणल्या होत्या पण बाबांनी कुणाला मारू दिला नाही. बूट तसाच बादलीत उलटा केला, वर ताट ठेवलं आणि सर्पमित्राला बोलावलं. दिवड होती. बिनविषारी, पाण्याकाठी राहते, मासे-बेडूक खाते. तीही बिचारी पुरातून वाट काढत आलेली.

वायरमन_ऐरोली:
दिवड चावरी असते पण. मला दोनदा चावलीये मीटर रूममध्ये.

गाढीकाठ:
हो, चावते. पण माणसाला काही होत नाही. मात्र पुराच्या पाण्यातून घोणससुद्धा येऊ शकते, म्हणून ओळखता येत नसेल तर लांबच राहा. चावलाच तर कापाकापी, चोखणं, करकचून बांधणं काही नको. हातपाय हलवू न देता सरळ दवाखाना.

वांगणीचा:
बदलापूरचं नाव वाचलं म्हणून लिहितोय. सध्या कामामुळे घणसोलीत असतो. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्याकडेच बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती. चहूबाजूंनी पाणी, मध्ये गाडी, आत हजारावर माणसं. माझे मामा त्यात होते, कोल्हापूरला निघालेले. रात्रभर डब्यात अंधार, खाली पाणी. मामांना साखरेचा आजार, गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंनी त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी आणि गुळाचा खडा दिला. सकाळी आजूबाजूच्या गावातले लोक आले, मग एनडीआरएफच्या बोटी. मामा आजही प्रवासात गुळाचा खडा घेऊन निघतात. स्वतःसाठी एक, दुसऱ्याला द्यायला एक.

दोन_पोरांची_आई:
दूध उतू गेलंच 😔 ओटा पुसून येते.

खाडीकाठ:
या या, थांबलोय.

सिस्टर_ठाणे:
मी नर्स आहे, नाईट करून आले, झोपायच्या आधी वाचतेय. पाणी ओसरल्यानंतरचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या भावाने घरातला चिखल अनवाणी काढला. टाचेला भेग होती. आठवड्याने ताप, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देत नव्हता, डोळे लाल. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, जखमेतून आत शिरतो. वेळेत कळलं म्हणून वाचला, तरी मूत्रपिंडावर आलं होतं. गमबूट नसले तर पायाला दोन प्लास्टिकच्या पिशव्या बांधा पण अनवाणी चिखलात उतरू नका. साचलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर साबणाने पाय धुवा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधाची गोळी द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून मनाने घेऊ नका, गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती चालत नाही. नंतर ताप आला तर पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. कुणी सांगतच नाही, ते सर्दीताप समजतात.

बाळकुमची_सून:
सिस्टर, झोपा आता. आणि थँक्यू. हे मी घरच्या ग्रुपवर पाठवते.

दिवागाव:
आमी आगरी, ऐरोलीजवळचे. आजोबा मिठागरावर काम करायचे. पंचांग बघून सांगायचे कधी सामान वर चढवायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे छोटी भरती. उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की पाण्याला जायला जागाच नाही, खाडीच वर आलेली असते. भांगाच्या दिवसांत तोच पाऊस दोन तासांत निचरतो. आजोबा म्हणायचे, "पानी कवा येतं त्यापेक्षा कवा जातं ते बग." आता मोबाइलवर भरतीची वेळ मिळते, मी रोज सकाळी पाऊस आणि भरती दोन्ही बघून गाडी कुठे लावायची ते ठरवतो.

सानपाडा_जुना:
दिवागाव, अगदी बरोबर. नवी मुंबईत धारण तलाव त्यासाठीच केले, शहर वसवतानाच. भरतीला झडपा मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही, पावसाचं तलावात साठतं, ओहोटीला बाहेर. आमच्या बाजूच्या तलावात आता गाळ आणि खारफुटी एवढी झालीये की साठायला जागा कुठे राहिली? मुलं तिथे क्रिकेट बघत उभी राहायची, तलाव म्हणजे काय हेच त्यांना माहीत नाही. जीव तुटतो.

नवीन_घर_शोधतोय:
विषय थोडा वेगळा. टिटवाळ्यात काळू नदीच्या बाजूला फ्लॅट बघितलाय. नदी दिसते, भाव बजेटमध्ये. घेऊ का?

वांगणीचा:
जुलैत जाऊन बघा, मार्चमध्ये नाही.

सानपाडा_जुना:
आधी पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. बिल्डिंग कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते कागदावर बघा, तोंडी नको. मग बाजूच्या जुन्या किराणा दुकानात जा, 2005 ला आणि 2019 ला पाणी कुठपर्यंत होतं ते विचारा. दुकानदार हात करून दाखवतो.

खाडीकाठ:
आणि मीटर रूम तळमजल्यावर आहे का बघा. तुम्ही सातव्या मजल्यावर कोरडे, पण खाली मीटर बुडाले की लाईट नाही, पंप नाही, लिफ्ट नाही. आमच्या आत्याला पाच दिवस सातव्या मजल्यावर पाणी चढवावं लागलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई.

नवीन_घर_शोधतोय:
हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला दाखवतो.

दोन_पोरांची_आई:
आले. मोठं नाही लिहीत. कळव्याला नाल्याकाठी चाळीत होतो. पाणी आलं तेव्हा मी आठ महिन्यांची गरोदर. सगळे म्हणत होते आधी कागदपत्रं घे, रेशनकार्ड घे. सासूबाईंनी काहीच घेतलं नाही, फक्त माझा हात धरला आणि शाळेपर्यंत सोडला नाही. रेशनकार्ड गेलं, त्यांचे लग्नातले दागिने गेले, पत्र्याच्या पेटीत होते. बारा दिवसांनी मोठी लेक झाली. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्या दागिन्यांबद्दल त्या एकदाही बोलल्या नाहीत, मीच बोलायला हवं होतं.

सिस्टर_ठाणे:
💛

खारघरवाली:
ताई, मोठीला सांगितलंय का हे?

दोन_पोरांची_आई:
नाही. आज सांगते.

बाळकुमची_सून:
आत्ता आईशी बोलले. तासभर. तिला धागा वाचून दाखवला. वायरमनदादांचं वाचलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, अगं, मेन पाडायचा राहिला होता ना तेव्हा, पाणी घोट्याला लागलेलं. मला माहीतच नव्हतं! मी आजीजवळ होते. आई म्हणाली, देवघरातला पाट ओट्यावर काढून ठेवलेला होता, कोरडा होता. तो खुर्चीवर ठेवला, त्याच्यावर चढले, कोरडं लाटणं घेतलं आणि लाटण्याने पाडला. हात एवढा थरथरत होता की दोनदा चुकलं. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. वीस वर्षं!

वायरमन_ऐरोली:
आईंना नमस्कार सांगा. कुणी असं करू नये हे मी सांगणारच. पण नमस्कार सांगा.

गाढीकाठ:
तो पाट आहे अजून?

बाळकुमची_सून:
आहे. भावाकडे, डोंबिवलीला. एक कोपरा फुगलाय. गणपती त्याच्यावरच बसतो.